खिडकीचा रकाना

पहाटे ५.१५

जाग आली ती पत्र्यावर वाजणाऱ्या पावसानं. १ डिसेंबर २०२१, बुधवार, आणि पाऊस! दार उघडलं तर अंगण निथळत होतं. वाऱ्याला आषाढाचा जोर नव्हता, पण गारठा हाडात शिरत होता. नारायणगावकडच्या द्राक्षबागायतदारांची झोप तर रात्रीच उडाली असणार. मला मात्र पहिली आठवण झाली ती चुन्याच्या गोलांची. काल सायंकाळी सर आणि मी शाळेच्या पटांगणात दोरी धरून सहा-सहा फुटांवर एकतीस गोल काढले होते. आमच्या शाळेचा पट तेव्हा एकतीस होता. ते गोल एव्हाना ओढ्याला मिळाले असणार.

मोबाइलवर केंद्रप्रमुखांचा संदेश आधीच येऊन पडला होता. मुलांचं स्वागत फूल देऊन करावं, तापमान मोजतानाचे आणि हात धुतानाचे फोटो दहा वाजून तीस मिनिटांपर्यंत गटावर टाकावेत, शाळेच्या माहितीची लिंक आज सायंकाळपर्यंत भरावी. पावसाचा उल्लेख नव्हता. संदेश काल रात्रीच लिहून ठेवला असेल, त्यांचा दोष नाही.

मार्च २०२०च्या मध्यावर कोरोनामुळे बंद झालेली शाळा आज पहिली ते चौथीसाठी उघडणार होती. नववी आणि त्यावरची मुलं २३ नोव्हेंबर २०२०ला शाळेत गेली, पाचवी ते आठवीची २७ जानेवारी २०२१ला. दुसऱ्या लाटेत ती परत घरी बसली आणि ४ ऑक्टोबर २०२१ला खेड्यातल्या पाचवीपासूनच्या शाळा पुन्हा भरल्या. धाकट्यांचा नंबर शेवटी. माझ्याकडे पहिली-दुसरी आहे. दुसरीतल्या सात मुलांनी पहिली पास केली, पण शाळेच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. त्यांची पहिली गेली आईच्या मोबाइलमध्ये, आईला मोबाइल असेल तर.

सकाळी ७.१०

एसटीचा संप सुरू होऊन महिना उलटला होता. एरवी मी मुक्कामी गाडीनं निघते, फाट्यावर उतरते आणि तिथून पायी. आता स्कूटी. दिवाळीत माळ्यावर टाकलेला रेनकोट शोधण्यात दहा मिनिटं गेली. तो सापडला तेव्हा त्याच्या खिशात सेतू अभ्यासाची चुरगळलेली यादी निघाली. १ जुलैपासून पंचेचाळीस दिवस आम्ही तो अभ्यास घेतला होता, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याशेजारी. कागदाच्या भाषेत त्याला गृहभेट म्हणायचं.

स्टँडवर संपकऱ्यांचा मंडप पाण्यानं फुगून खाली आला होता आणि दोघं जण काठीनं ढोसून पाणी सांडत होते. पुढं रस्त्याच्या कडेला बागेत एक माणूस नुसता उभा दिसला, डोक्यावर खताचं पोतं. हातात काही नाही. द्राक्षाच्या घडाकडे बघत उभा.

कालच्या बातम्यांत पुणे आणि मुंबई महापालिकांनी आपल्या शाळा डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुढं ढकलल्याचं सांगितलं होतं. ओमिक्रॉन हे नाव जागतिक आरोग्य संघटनेनं ठेवून पाचच दिवस झाले होते. देशात त्याचा रुग्ण सापडल्याचं अजून कुणी सांगितलं नव्हतं (कर्नाटकातले पहिले दोन दुसऱ्याच दिवशी जाहीर झाले). शहरानं थांबायचं ठरवलं आणि खेड्यानं उघडायचं. खेड्याला थांबणं परवडत नव्हतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. शहरातल्या मुलाचा वर्ग निदान पडद्यावर तरी भरत होता. आमच्या वाडीत रेंजसाठी देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

सकाळी ८.००

सर माझ्याआधी पोचलेले. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. आमची शाळा द्विशिक्षकी, दोन खोल्यांची. खिचडीच्या ताई व्हरांडा झाडत होत्या. शाळेत शिजवणं बंद असल्यानं त्यांच्या हाती वीस महिने नुसता झाडू आला होता. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य आम्ही कोरडंच घरोघर वाटत होतो.

गेले आठ दिवस काय काय केलं ते सगळं सांगत नाही, वाचणाऱ्याला कंटाळा येईल. दुसऱ्या लाटेत खोल्या विलगीकरणाला दिल्या होत्या. तिथल्या गाद्या परत गेल्या, पण भिंतीवर कुणीतरी पेन्सिलनं चौदा रेघा ओढून ठेवल्या होत्या, दिवस मोजायला. त्या पुसल्या. ग्रामपंचायतीनं हायपोक्लोराइट मारून दिलं तेही द्राक्षाला औषध मारायच्या पंपानं. दोन दिवस फळ्याला हात लावला की डोळे चुरचुरायचे. सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन आला, तापमापक गन आली, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला.

खरं काम केलं ते सरांच्या अगरबत्तीनं. एका ऑनलाइन प्रशिक्षणात डॉक्टर सांगत होते की हा आजार हात लावण्यापेक्षा कोंदट हवेतून जास्त पसरतो, वर्गातली हवा खेळती ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०२१च्या अखेरीस ही गोष्ट स्पष्ट लिहिली, त्याआधी वर्षभर आम्ही भाज्या धुवत बसलो होतो. सरांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरून अगरबत्तीचा पुडा आणला. माझ्या वर्गाच्या मधोमध एक काडी लावली आणि दोघं दारात उभे राहिलो. धूर सरळ वर गेला, वाशाखाली पसरला आणि तिथंच लोंबत राहिला. पंधरा मिनिटं झाली तरी हलेना. वर्गाला चार खिडक्या. दोन उघड्या. तिसरीची झडप फुगून चौकटीत बसलेली. चौथी दिसतच नव्हती, कारण तिच्यासमोर दप्तराचं लोखंडी कपाट होतं. त्यात १९७०पासूनची जनरल रजिस्टरं, शेरेबुकं, जावक-आवक, डेडस्टॉक. मला तेव्हा या शाळेत सात वर्षं झाली होती. त्या भिंतीला खिडकी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरीची झडप सुतारानं बिजागरीसकट काढून रंधा मारून बसवली. कपाट हलवायला चार माणसं लागली. ते गेलं किचनशेडमध्ये, चुलीशेजारी. ताई कुरकुरल्या, “खिचडी सुरू झाली की हे धूड कुठं घालणार?” खिचडी सुरू तर होऊ द्या, असं सर म्हणाले. मग पुन्हा काडी लावली. धूर वर जाईपर्यंत आडवा झाला आणि चौथ्या खिडकीतून, गजांमधून, बाहेर. सरांनी टाळी वाजवली. पन्नाशीच्या माणसाला इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला.

आज मात्र त्याच खिडकीतून पावसाची झड आत येत होती.

सकाळी ९.१५

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष छत्री घेऊन आले. रांगोळी वाहून गेली होती, केळीचे खुंट तेवढे उभे. फुगे फुगवायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. तोंडानं फुगवलेले फुगे मुलांच्या हाती देणं बरोबर नाही, हे अध्यक्षांच्याच लक्षात आलं. मला ते आवडलं. कागदावर ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

हात धुण्याची सोय आम्ही स्वस्तात केली होती. साबणाच्या वड्या कांद्याच्या जाळीदार पिशवीच्या तुकड्यांत बांधून एकेका नळाला टांगल्या. वडी घसरत नाही, चिखलात पडत नाही, घरीही कुणी नेत नाही. सॅनिटायझरला मी लहान मुलांपासून लांबच ठेवते. डोळ्यात गेलं तर काय, आणि चूल पेटलेल्या घरी ते हात घेऊन गेलं तर काय.

अध्यक्षांनी खिडक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ह्या लावून घ्या ना. पोरं गारठतील.”

दिवसभर हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येणार होता.

सकाळी १०.००

पहिली आली ती चौथीतली जोडी, बहीण-भाऊ, एकाच खताच्या पोत्याच्या खोळीत. दुसरीत असताना गेलेली मुलं चौथीत परत आली होती. मुलगा माझ्या खांद्याला लागला. मास्कमुळे मला तो आधी ओळखू आला नाही आणि त्यानं ते लगेच ओळखलं. “बाई, मीच हाय.”

गननं घोळ घातला. ओल्या, गार कपाळावर धरली की ३३.८ दाखवायची नाहीतर ‘लो’. एका पोरीचं तापमान तर ३२.९ आलं. सर म्हणाले, हिला शाळेत घ्यायचं की स्मशानात? त्यांचा विनोद असाच असतो. मग आम्ही असं ठरवलं की आधी मुलांनी व्हरांड्यात पाच-दहा मिनिटं बसायचं, टॉवेलनं कपाळ पुसायचं, मग मोजायचं. त्यात रांग लांबली आणि व्हरांड्यात गर्दी झाली. गर्दी टाळण्यासाठी मोजायचं आणि मोजण्यासाठी गर्दी करायची. अखेर तिघं-तिघं करून आत घेतले. पहिलीतल्या एकाला ती गन म्हणजे इंजेक्शन वाटलं. दाराच्या चौकटीला त्यानं अशी मिठी मारली की आईला सोडवता येईना. त्याच्या समोर मी स्वतःच्या कपाळावर गन धरली, मग सरांच्या, मग त्याच्या हातात दिली. त्यानं केळीच्या खुंटाचा ताप मोजला आणि मुकाट आत गेला.

संमतीपत्रं एकोणतीस जमली होती. त्यातल्या तीन पत्रांवर अंगठे होते, आज्यांचे, कारण आईबाप कामावर बाहेर. आज हजर तेवीस.

फोटोंची वेळ उलटून गेली होती. फूल देतानाचे फोटो काढायचे राहिले.

सकाळी ११.००

पंधरापैकी अकरा मुलं माझ्यासमोर होती. एका बाकावर एक. वर्गात जास्तीत जास्त पंधरा-वीस मुलं असा तेव्हा नियम होता. पटसंख्या कमी म्हणून ज्या शाळांना वर्षानुवर्षं बोल लावला जातो, त्यांना या साथीत पहिल्यांदा कमी पटाचा उपयोग झाला. शहरातल्या साठ-सत्तरच्या वर्गानं काय करायचं, हे मला सुचत नाही.

झड येत होती ती पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून. त्या अर्ध्या लोटल्या, पूर्वेच्या दोन सताड उघड्या, दारही उघडं. खिडकीकडचे बाक ओढून मधोमध घेतले, म्हणजे सहा फूट पुरते राहिले नाहीत, साडेचार झाले. अंतर आणि हवा यांतलं एकच मिळणार असेल तर काय घ्यायचं? मी हवा घेतली. तपासणीला कुणी टेप घेऊन आलं असतं तर मी नापास होते.

मुलं कुडकुडत होती. मेंढपाळाच्या घरची एक मुलगी बापाचं घोंगडं पांघरून आली होती आणि वर्गात तीच एकटी सुखात होती. घोंगड्याचा ओला वास सगळ्या वर्गात भरला. नाकावर मास्क असूनही येत होता, यावरून मास्क कितपत घट्ट बसलेत ते मला समजलं. सगळ्यांचे मास्क एकदा नाकावर दाबून घेतले.

पहिलीला ‘प’ शिकवायचा होता. वीस वर्षं शिकवत आले होते, पण मास्क लावून प, फ, ब, भ, म शिकवायची वेळ कधी आली नव्हती. ही पाचही अक्षरं ओठांवर होतात. ओठच झाकलेले. मी ‘प’ म्हणते, मुलं ‘त’ म्हणतात. मी ‘म’ म्हणते, मुलं ‘न’. दोष त्यांचा नाही, त्यांना आवाज ऐकू येतो आणि तोंड दिसत नाही. तीन-चारदा झाल्यावर मी दाराबाहेर व्हरांड्यात गेले, पागोळ्यांच्या अलीकडे, पहिल्या बाकापासून दहा-बारा फुटांवर, आणि मास्क खाली ओढला. ओठ मिटले, उघडले. “प.” वर्गातून अकरा आवाज आले, “प!” मास्कच्या आत ओठ मिटत असणार, कापड हलताना दिसलं. दोन मिनिटांत मास्क वर घेऊन आत आले. हे मी नियम मोडून केलं. दोन्ही डोस घेतले होते, बाहेर उभी होते, वारा माझ्याकडून बाहेर जात होता. तरी केलं ते केलं. ‘प’ आला.

दुसरीतल्या एका मुलीनं भिंतीवरच्या सावित्रीबाईंच्या तसबिरीकडे बोट केलं. “बाई, यांनी मास्क का नाही लावला?” मुलं हसली. मी म्हटलं, त्याही साथीतच गेल्या. आजची साथ नव्हे, १८९७ची, पुण्यातल्या प्लेगची. रोग्यांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला. एवढंच सांगितलं. पोरगी थोडा वेळ तसबिरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग त्यांची शाळा कुणी घेतली?” मला उत्तर सुचलं नाही. अजून नीट सुचलेलं नाही.

दुपारी १२.२०

एकाची पेन्सिल हरवली. पेन्सिल, खोडरबर, पाणी, डबा, कशाचीही देवाणघेवाण नाही, असं मी सकाळीच तीनदा बजावलं होतं. तो रडवेला झाला. शेजारच्या बाकावरच्यानं आपली पेन्सिल दातांत धरून कडकन मोडली आणि अर्धा तुकडा त्याच्या बाकावर फेकला. जागेवरून न उठता. अंतर पाळलं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. दातांनी मोडलेली पेन्सिल! मी तो तुकडा साबणानं धुऊन दिला आणि दोघांनाही शाबासकी दिली.

खिचडीची चौकशी झालीच. “बाई, खिचडी कवा?” तिसरीतल्या मुलांना आठवत होती, पहिलीतल्यांनी नुसती ऐकली होती. ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. डबे आणायला आम्ही सांगितलं नव्हतं, कारण जेवताना मास्क निघतो आणि तोंडं समोरासमोर येतात. शाळा चार तासांचीच ठेवायची, मुलांनी घरी जाऊन जेवायचं. तरी तिघांच्या दप्तरात भाकरी होत्या. त्यांना एकेकाला व्हरांड्याच्या एकेका खांबाशी बसवलं, पाठ एकमेकांकडे करून. असं जेवताना पोरं पहिल्यांदाच पाहिली. त्यातला एक जण मागं न वळता, मान वर करून गप्पा मारत होता.

दुपारी १.०५

सरांच्या वर्गात एक मुलगा शिंकला. एकदा, मग लागोपाठ चारदा. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि त्यानंतरची शांतताही ऐकली. गेले तेव्हा त्याच्या आजूबाजूचे बाक सरकले होते. मुलांनी स्वतःच सरकवले होते, सरांनी सांगण्याआधी. तो मुलगा खाली मान घालून बसला होता. कुणीतरी मागून हळूच तो शब्द उच्चारला. त्या शब्दाचा धाक या वाडीला आहे. एप्रिल-मे महिन्यात इथली दोन माणसं गेली. त्यातला एक या मुलाचा आजोबा.

नियम सोपा होता. मुलाला वेगळं बसवा, पालकांना बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. त्याप्रमाणे केलं. पण वेगळं बसवायचं म्हणजे कुठं? किचनशेड म्हणजे त्याला काळकोठडी वाटली असती. सर त्याला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला बसले, स्वतःही बसले, पाच-सहा फुटांवर, आणि त्याच्याशी बुद्धिबळ मांडलं. सोंगट्या सर हलवणार, चाल मुलानं तोंडानं सांगायची. मी वर्गात जाऊन बाकीच्यांना म्हटलं, गारठ्यानं शिंक येते, मला सकाळपासून सहा आल्या. खरंच आल्या होत्या. मग मी सर्वांसमोर त्याच्याजवळून गेले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं.

आशाताई वीस मिनिटांत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. ताप नाही, घसा लाल नाही, ऑक्सिजन ९८. तीन दिवस घरी ठेवा, ताप आला तर मला फोन करा, असं त्यांनी त्याच्या आईला सांगितलं. आई पदर तोंडाला लावून दूर उभी होती. तिला आमच्याकडून ओरडा बसेल असं वाटत होतं. “सकाळी चांगला होता हो बाई. मी पाठवलंच नसतं.” आजारी मुलाला आईनं शाळेत पाठवू नये, ही या सगळ्या नियमावलीतली सर्वांत मोलाची ओळ होती. आणि ती पाळली जावी असं वाटत असेल तर घरी ठेवणाऱ्या आईला अपराधी वाटता कामा नये. मी तिला सांगितलं, त्याचा अभ्यास मी गुरुवारी दारात आणून देते. डाव अर्धा राहिला होता. मुलानं जाताना सरांना बजावलं, “सोंगट्या हालवू नका.”

दुपारी २.००

शाळा सुटली. पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन टोळ्या सोडल्या. पहिल्या टोळीनं ओढ्यावर थांबून उरलेल्यांची वाट पाहिली आणि सगळे मिळून घरी गेले. हे मी व्हरांड्यातून पाहत होते.

सरांनी लिंक उघडली. रेंज यावी म्हणून ते बाकावर चढून उभे राहिले आणि वाचू लागले, मी सांगत गेले. तापमापक गन किती, एक. ऑक्सिमीटर, एक. सॅनिटायझर किती लिटर, पाच. साबण आहे का, होय. लसीकरण झालेले शिक्षक, दोनपैकी दोन. निर्जंतुकीकरण केल्याचा दिनांक. संमतीपत्रं. उपस्थित मुलगे, उपस्थित मुली. फोटो जोडा.

“खिडक्यांचा रकाना कुठं आहे?” मी विचारलं.

सरांनी खालीवर करून पाहिलं. नव्हता. शेवटी ‘इतर माहिती’ अशी एक चौकट होती. सरांनी तिथं टाइप केलं, ‘एका वर्गाच्या चारही खिडक्या उघड्या आहेत.’ मग थोडं थांबून पुढं जोडलं, ‘पाऊस असूनही.’ ‘पाठवा’ दाबल्यावर पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरू लागलं आणि फिरतच राहिलं.

दुपारी ३.१५

आठ मुलं आली नव्हती. तीन घरं वाटेवरची, तिथं जाऊन आले. एका आजीनं दारातच सांगितलं, “ऊन पडू द्या बाई, मग पाठवते. तुमच्या खिडक्या उघड्या असत्यात म्हणं.” बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या घरात मुलगा मामाकडे गेला होता, परत येईल की नाही याची खात्री आईलाही नव्हती. तिसरं घर म्हणजे माळावरचा मेंढ्यांचा वाडा, त्या घोंगडेवाल्या मुलीच्या चुलत्याचा. त्याचा मुलगा पहिलीत. मेंढ्यांभोवतीची जाळीची वाघर ओली, जमीन ओली, मेंढ्या एकमेकींच्या अंगावर डोकी टाकून थरथरत होत्या. आडोसा कुठंच नव्हता. मुलगा एका कोकराला पोटाशी धरून प्लास्टिकच्या कागदाखाली बसला होता. त्याच्या बापाला मी शाळेचं काही विचारलं नाही. तो म्हणाला, “रात्रभर असाच राहिला तर ह्या जगायच्या न्हाईत.”

जगल्या नाहीत. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. त्याच्या अकरा. मुलगा शाळेत आला तो पुढच्या सोमवारी.

सायंकाळी ६.३०

घरी आल्यावर आधी न्हाणीत. कपडे बादलीत. ही सवय २०२०पासून लागली आहे, आता तिचा फार उपयोग नाही हे माहीत असूनही सुटत नाही. माझा मुलगा तेव्हा सहावीत, तो ऑक्टोबरपासून शाळेत जात होता. त्यानं विचारलं, “आई, तुझी पोरं रडली का?” एकच, म्हटलं, आणि ते गनला भिऊन.

रात्री नऊला सरांचा फोन. लिंक गेली. केंद्रप्रमुखांचाही फोन येऊन गेला होता. फूल देतानाचे फोटो का नाहीत?

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. हजेरी वीस. जानेवारी २०२२मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, आमच्या जिल्ह्यात १ फेब्रुवारीला पुन्हा उघडल्या. पुढं खिचडी सुरू झाली तेव्हा ताईंनी पहिल्याच दिवशी कपाट बाहेर काढायला लावलं. ते आता सरांच्या वर्गात आहे, मागच्या सलग भिंतीला. त्या भिंतीला खिडकी नाही, हे ठेवण्याआधी आम्ही दोघांनी बाहेरून जाऊन बघितलं.